न गुरगुरणारा कुत्रा

घरात पाहुणा आला, की पाणी विचारण्याच्या आधी वासुदेवला कुत्र्याची थाळी आठवायची. "थांबा, एक गंमत दाखवतो," म्हणत तो बायकोला, प्रमोदिनीला, थाळीत दूध-पोळी कुस्करायला सांगायचा. खवा येऊन खायला लागला, की वासुदेव त्याच्या तोंडाशी खुशाल हात घालायचा, थाळी ओढून घ्यायचा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा ओढायचा. कुत्रा हूं की चूं करत नसे. मान खाली घालून उभा राहायचा. "वा! काय वळण लावलंय!" असं कुणी म्हटलं, की वासुदेवच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखं हसू पसरायचं.

खवा काही जातिवंत कुत्रा नव्हता. काशीच्या पंचगंगा घाटावर, नावाड्यांच्या दोरखंडांच्या वेटोळ्यात जन्मलेलं ते पिल्लू. वासुदेवच्या मुलीनं, अंतरानं, एका थंडीत ते ओढणीत गुंडाळून ब्रह्मा घाटाच्या गल्लीतल्या घरी आणलं. रंग परतलेल्या खव्यासारखा, म्हणून नाव खवा. पुढे अंतराला पुण्यात नोकरी लागली आणि कुत्रा आई-बाबांच्या गळ्यात पडला. जाताना ती वासुदेवला म्हणाली होती, "बाबा, तो घाबरट आहे हं. प्यार से सांगाल तर सगळं ऐकतो."

प्यार से सांगणं वासुदेवला जमणारं नव्हतं. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्याची हयात गेलेली. टेबलावरचा कागद वाकडा पडलेलाही त्याला खपत नसे. त्यात फोनवर त्याला एक मिशाळ माणूस सापडला. तो कुत्र्यांना शिकवण्याचे व्हिडिओ टाकायचा, आणि त्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: घरातला मालक कोण, हे कुत्र्याला एकदा कळलं पाहिजे. वासुदेवला ते मनापासून पटलं.

एकदा खवा जेवत असताना वासुदेव थाळीपाशी वाकला. खवा जागच्या जागी थिजला, त्याचा ओठ जरासा वर गेला आणि घशातून बारीक गुरगुर आली. वासुदेवनं शेजारी पडलेल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या नाकावर हाणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुरगुर, पुन्हा गुंडाळी. मग चप्पल. मग छत्रीचा दांडा. प्रमोदिनी मधे पडायची, "अहो, जेवताना तरी सोडा त्याला." तो म्हणायचा, "माझ्याच घरात माझंच खाऊन माझ्यावर गुरगुरतो?" आणि खरंच, उन्हाळा यायच्या आत खव्याची गुरगुर बंद झाली. घरात आवाज नाही की कुरकुर नाही.

"शेपूट बघा त्याची," प्रमोदिनी एकदा म्हणाली. "पोटाला चिकटवून जेवतो."

"शिस्त म्हणतात तिला," वासुदेव म्हणाला.

खव्यानं कधी पायपुसणं फाडलं आणि वासुदेव ओरडला, की तो कान पाडून, नजर चुकवून भिंतीला लागायचा. वासुदेव बायकोला दाखवायचा, "बघ, बघ. चुकलंय ते कळतं त्याला. लाज वाटते."

चैत्रात प्रमोदिनीनं गौरीचं हळदीकुंकू केलं. गल्लीतल्या मराठी बायका आल्या. त्यात यंदा एक नवा चेहरा होता, वैदेही. नागपूरहून बँकेच्या शाखेत बदलून आलेली अधिकारी. तिच्यासमोर वासुदेव जरा जपूनच बोलत होता. बनारसच्या मराठी माणसाला महाराष्ट्रातून आलेल्या माणसापुढे आपली मराठी पुसून-पुसून वापरावी लागते. 'एकदम से' तोंडातून निसटलं, की तो 'अचानक' म्हणून दुरुस्त करायचा. पन्ह्याचे पेले फिरवता फिरवता त्याच्या लक्षात आलं, की वैदेही कोपऱ्यातल्या खव्याकडे भीतभीत बघतेय.

"घाबरू नका," तो म्हणाला. "ह्याच्यासारखा गुणी कुत्रा उभ्या काशीत नाही. दाखवतो."

थाळी आली. त्यानं हात घातला, थाळी ओढली, ठेवली. बायका कौतुकानं हसल्या. खोली माणसांनी भरलेली, बांगड्यांचा किणकिणाट, खवा दाराच्या आणि कपाटाच्या सांध्यात अंग चोरून उभा. वैदेही म्हणाली, "तुमची सवय असेल त्याला. दुसऱ्या कुणाला करू देईल का?"

एवढंच ती म्हणाली. वासुदेवनं इकडेतिकडे पाहिलं आणि प्रेमलाकाकूंना हाक मारली.

प्रेमलाकाकू समोरच्या घरात एकट्या राहायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई, वासुदेवला त्यांनी लहानपणी कडेवर घेतलेलं. बिंदुमाधवाच्या देवळासाठी त्या वाती वळायच्या. गल्लीतून जाणाऱ्याला त्यांच्या दारातून कापसाची पांढरी रास कायम दिसायची. खवा त्यांच्या उंबऱ्यावर झोपायचा आणि त्या त्याच्याशी तासन्‌तास बोलायच्या.

"काकू, घाला हो हात त्याच्या थाळीत. ह्यांना दाखवू या."

"नको रे वासू. जेवतोय तो."

"काही करत नाही. मी आहे ना."

"राहू दे रे. खाऊ दे त्याला सुखानं."

"काकू, तुम्हीसुद्धा? तुमच्या मांडीवर झोपतो तो!" असं म्हणत वासुदेवनं त्यांचं मनगट धरलं, हसत हसत, आणि हात थाळीकडे नेला.

खवा गुरगुरला नाही. दातही विचकले नाहीत. क्षणभर तो दगडासारखा ताठ झाला आणि दुसऱ्या क्षणी काकूंच्या अंगठ्याच्या मुळाशी त्याचे दात रुतले होते. काकू ओरडल्यासुद्धा नाहीत. पन्ह्याचा पेला कुणाच्या तरी हातून पडला, खवा सुटून पलंगाखाली गेला, आणि प्रमोदिनी काकूंना ओढत नळापाशी घेऊन गेली. साबण लावून ती जखम धूत राहिली. मोरीतलं पाणी लाल होत होतं. वासुदेव दारात उभा होता, हातात रिकामी थाळी.

दवाखान्यात तो रिक्षातून काकूंबरोबर गेला. प्रमोदिनीही होती. जखमेवर औषध लावता लावता तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "कैसे काटा?"

साधा प्रश्न. खरं उत्तरही साधंच होतं. पण दाराशी गल्लीतले दोघं-तिघं उभे होते, आणि वासुदेवच्या तोंडून निघालं, "इन्होंने अचानक थाली में हाथ डाल दिया. हम रोकते, उससे पहले ही…"

काकूंनी मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. मग त्या डॉक्टरकडे वळून म्हणाल्या, "हाँ भैया, हमारी ही गलती है."

प्रमोदिनीनं नवऱ्याकडे पाठ केली.

त्या संध्याकाळपर्यंत तेच गल्लीभर झालं, की म्हातारीनं जेवत्या कुत्र्याच्या थाळीत हात घातला. कुणी म्हणालं, वय झालं आता, भान राहत नाही. वासुदेव ऐकत होता. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं, आणि प्रत्येक वेळी तो मान डोलावून पुढे जायचा. वर आणखी तो स्वतःच म्हणू लागला, "कुत्र्याचा काय भरोसा. रस्त्यावरची जात शेवटी. काही इशारा नाही, काही नाही, सरळ चावला."

गल्लीतले जुने वैदिक, बिंदुमाधवकाका, ज्यांच्या शब्दाला सगळे मान देत, त्यांनी निरोप धाडला, की कुत्रा गल्लीत नको. वासुदेवनं नदीपलीकडे एका ओळखीच्या माणसाच्या मळ्यावर त्याला सोडायचं ठरवूनही टाकलं. मात्र दवाखान्यात सांगितलं होतं, काही दिवस कुत्र्यावर नजर ठेवा, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. म्हणून एका सकाळी नवरा-बायको खव्याला घेऊन गेले.

तिथली डॉक्टर मध्यम वयाची, कमी बोलणारी बाई होती. तिनं खव्याला टेबलावर घेतलंच नाही. स्वतः फरशीवर बसली, त्याच्याकडे न बघता, एका बाजूला वळून. बराच वेळ. खवा हळूच येऊन तिच्या कोपराचा वास घेऊन गेला. मग तिनं विचारलं, "काटने से पहले गुर्राया था?"

"नहीं," वासुदेव म्हणाला. "बिल्कुल नहीं."

"पहले कभी गुर्राता था? खाना खाते वक्त?"

"कभी नहीं," तो म्हणाला. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"कमाल है. बिना बताए काटने वाले कुत्ते बहुत कम होते हैं."

"गुर्राता था," प्रमोदिनी म्हणाली.

वासुदेवनं तिच्याकडे पाहिलं. ती डॉक्टरकडेच बघत होती. "रोज़ गुर्राता था. इन्होंने मार-मार के छुड़वाया. अखबार से, चप्पल से, छाते से. फिर मेहमानों को दिखाते थे, कि देखो, अब चुप रहता है. और उस दिन काकू का हाथ भी इन्होंने ही पकड़ के थाली में डलवाया. वो तो मना कर रही थीं."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. प्रमोदिनी चारचौघांत कधी त्याच्याविरुद्ध बोलली नव्हती. बाहेरच्या बाकावर मांजर घेऊन बसलेली एक मुलगी उघड्या दारातून सगळं ऐकत होती. वासुदेवच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याला वाटलं, डॉक्टर आता चांगलं फैलावर घेईल. पण ती नुसती म्हणाली, "गुर्राना तो उसका 'रहने दीजिए' कहना है, भाई साहब. आपने कहना छुड़वा दिया. डर तो वहीं का वहीं रहा."

मग तिनं आणखी सांगितलं, तेही सावकाश, जसं एखाद्या आजाऱ्याला पथ्य सांगावं. कुत्र्याची भीती आधी अंगात दिसते. तो जीभ फिरवतो, जांभई देतो, तोंड वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, ताठतो. ते कुणी वाचलं नाही तर गुरगुरतो. आणि ओरडा खाल्ल्यावर तो जे कान पाडून भिंतीला लागतो, ती लाज नव्हे. काय चुकलं ते त्याला ठाऊक नसतं. समोरचा माणूस आता मारणार, एवढंच ठाऊक असतं.

घरी येऊन वासुदेव बाहेर जायला निघाला. ऊन कडक होतं, म्हणून त्यानं खुंटीवरची छत्री काढली. मागे काहीतरी सरकल्याचा आवाज आला. खवा भिंतीला लागून उभा होता. कान पडलेले, नजर चुकवलेली, आणि त्याच्या पायांखाली फरशीवर ओल पसरत होती. त्यानं काहीही केलेलं नव्हतं. पायपुसणं जागच्या जागी होतं.

'चुकलंय ते कळतं त्याला,' असं ज्या मुद्रेकडे बोट दाखवून वासुदेव वर्षभर हसला होता, तीच ही मुद्रा. त्यानं छत्री पटकन परत टांगायला हात वर केला, तर खवा आणखी दबला. मग तो जिथं होता तिथंच, छत्री हातात घेऊन, हलायचीही चोरी झाल्यासारखा उभा राहिला. शेवटी प्रमोदिनी आली, तिनं त्याच्या हातातून छत्री काढून घेतली आणि फडकं आणलं. "दे इकडे, मी पुसतो," तो म्हणाला. "तुम्ही आधी दुसऱ्या खोलीत जा," ती म्हणाली. "तुम्ही इथं असेपर्यंत तो हलणार नाही."

तो समोर प्रेमलाकाकूंकडे गेला. काकू दारात बसल्या होत्या, उजव्या हाताला जाडजूड पट्टी, आणि डाव्या हातानं मांडीवर वात वळायचा प्रयत्न करत होत्या. वात पुन्हा पुन्हा उलगडत होती.

"काकू, मी खोटं बोललो," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

"ठाऊक आहे. मी तिथंच होते."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"तुझं तोंड बघवेना रे. पाच वर्षांचा असताना आमची बरणी फोडलीस, तेव्हा असाच उभा होतास." वासुदेवला वाटलं, आता त्या माफ करतील. पण काकूंनी कापूस खाली ठेवला. "पण वासू, मी दोनदा नको म्हटलं होतं. त्या कुत्र्याला बोलता येत नाही. मला येत होतं. तू माझंही ऐकलं नाहीस. पोराच्या वयाचा आहेस म्हणून बाहेर मी सांभाळून घेतलं. आत मात्र दुखलंय."

तो त्यांच्या उंबऱ्यावर बसला. मग तिथूनच उठून बिंदुमाधवकाकांच्या चबुतऱ्यावर गेला. तिथं नेहमीची माणसं होती. 'म्हातारीला भान राहत नाही' असं मागे म्हणणाराही होता. वासुदेवनं सगळं सांगितलं, छत्रीच्या दांड्यापासून काकूंच्या मनगटापर्यंत. सांगताना आवाज फाटत होता. मधेच तो हिंदीत गेला, मधेच मराठीत आला.

बिंदुमाधवकाकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे गल्लीतून कुत्र्याला काढायचं, की तुला?" ते म्हणाले. कुणी हसलं नाही. वासुदेव मान खाली घालून उभा राहिला. "जनावर ठेव," शेवटी ते म्हणाले. "पण माणसांत आणू नकोस. आणि ती म्हातारी बरी होईपर्यंत तिच्या घरचं पाणी तू भरायचंस."

त्या दिवसापासून वासुदेव काकूंचं पाणी भरू लागला. गल्लीतून कळशी नेताना लोक बघायचे. बघू द्यायला हवं, हे त्याला समजत होतं. पण म्हणून पाऊल हलकं पडत नसे.

डॉक्टरणीनं सांगितलं तसं घरातलं काम सुरू झालं. खव्याची थाळी आता प्रमोदिनी एका शांत कोपऱ्यात ठेवायची. वासुदेवनं फक्त लांबून जायचं, जाता जाता थाळीकडे पनीरचा एक तुकडा टाकायचा आणि न थांबता निघून जायचं. थाळी घ्यायची नाही, वाकायचं नाही, टक लावून बघायचं नाही. हा माणूस जवळ आला की थाळीतलं जात नाही, उलट भर पडते, हे खव्याला स्वतःहून पटेपर्यंत. तो मिशाळ माणूस हे बघून हसला असता. वासुदेवलाही पहिल्या दिवशी हसू आलं, आपल्याच घरात चोरासारखं चालताना. खव्यानं पनीर खाल्लं नाही. वासुदेव दिसेनासा होईपर्यंत तो थाळीपासून लांब उभा राहिला, आणि मग घाईघाईनं, न चावता, सगळं गिळून टाकलं.

दिवस गेले, आठवडे गेले. वासुदेव बघायला शिकला. पूर्वी त्याला खव्याची जांभई म्हणजे झोप वाटायची. आता कळायचं, आपण पाऊलभर जास्त पुढे आलो. तो मागे सरायचा. कधी कधी एकाच सकाळी त्याला इतक्या जुन्या जांभया आठवायच्या, इतकं जीभ फिरवणं, इतकी वळवलेली तोंडं, की हातातलं पनीर तसंच राहायचं. सगळं समोर लिहून ठेवल्यासारखं होतं आणि आपण पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

श्रावणात एकदा विचारात हरवून तो नेहमीपेक्षा बराच जवळून गेला. खव्यानं खाणं थांबवलं. ओठ हलला, आणि घशातून अगदी बारीक, बिचकत, परवानगी मागितल्यासारखी गुरगुर आली. आवाज काढताच तो स्वतःच दबला आणि डोळे मिटून घेतले.

वासुदेव मागे सरला. "बरं, बरं, जातो," तो म्हणाला. "जातो मी." दाराबाहेर येऊन त्यानं प्रमोदिनीला हाक मारली, "अगं, गुरगुरला! माझ्यावर गुरगुरला!" आणि डोळे पुसले. प्रमोदिनीनं कितीतरी दिवसांनी त्याच्यासाठी आल्याचा चहा टाकला.

दिवाळीला अंतरा पुण्याहून आली. फोनवर वासुदेवनंच तिला सगळं सांगितलं होतं. तेव्हा "बाबा, मला आत्ता बोलायचं नाहीये," म्हणून तिनं फोन ठेवला होता. नंतर ती फक्त आईशी बोलायची. ती दारातून आत आल्याबरोबर खवा तिच्यावर झेपावला, लोळला, पोट वर करून पडला, तिचे हात, तोंड, बॅग सगळं चाटून काढलं. वासुदेव पलीकडच्या खुर्चीत बसून बघत होता. आपल्या घरात हा कुत्रा एवढं नाचू शकतो, हे तो विसरूनच गेला होता.

"मी त्याला न्यायला आलेय," अंतरा फरशीवर बसल्या बसल्या म्हणाली. "पुण्यात घर मिळालंय. कुत्रा चालतो त्यांना."

वासुदेवनं मान डोलावली. "ने. तुझाच आहे तो."

त्याला आणखी बरंच सांगायचं होतं. पनीरचं, जांभयांचं. पण ते सांगणं म्हणजे पुन्हा पाहुण्यांपुढे थाळी मागवण्यासारखं होईल असं वाटून तो गप्प बसला. प्रमोदिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "हे रोज करतायत त्याचं. सहा महिने झाले. एक दिवस चुकले नाहीत."

अंतरानं बापाकडे पाहिलं. पहिल्यांदाच, आल्यापासून. "बोलवा त्याला," ती म्हणाली.

वासुदेव खुर्चीतून उतरून खाली बसला, एका बाजूला वळून, हात मांडीवर उघडे ठेवून. "खवा," त्यानं हळूच हाक मारली.

खवा उठला. खोलीच्या मध्यापर्यंत आला. तिथं थांबला, जीभ फिरवली, एकदा अंतराकडे बघितलं आणि खाली बसला. पुढे आला नाही.

"इतकाच येतो," वासुदेव म्हणाला. "कधी कधी थोडा जास्त. पण मी पुन्हा हाक मारत नाही."

अंतरा उठली नाही, की कुत्र्याला पुढेही ढकललं नाही. तिघंही फरशीवर तशीच बसून राहिली. प्रमोदिनी चकल्यांची ताटली घेऊन आली आणि वाटेत बसलेल्या खव्याला वळसा घालून पुढे गेली.

"पुण्याचं नंतर बघू," बऱ्याच वेळानं अंतरा म्हणाली. "आधी मला काकूंकडे जायचंय. तुम्ही येताय?"

"येतो," वासुदेव म्हणाला, आणि खवा दचकू नये म्हणून भिंतीला धरून सावकाश उठला.